संगणकजालाचे पहारेकरी

गांवांत घरफोडी झाली म्हणजे रात्रीं गस्तीवर कोण होतें, हा प्रश्न सकाळीं चावडीवर सर्वांआधीं निघतो. संगणकांच्या जाळ्यांतून पेढी लुटली गेली तर मात्र तो सहसा कोणास सुचत नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या एका सहकारी बँकेंतून दोन-तीन दिवसांत सुमारें ९४ कोटी रुपये गेले. तिजोरीचें कुलूप जसेंच्या तसें होतें. अठ्ठावीस देशांतील यंत्रांत बनावट कार्डें घालून पैसे काढले गेले, आणि त्या मागण्यांना होकार देण्यासाठीं चोरट्यांनीं बँकेच्या व्यवस्थेऐवजीं आपली नकली व्यवस्था मध्यें उभी केली होती. अशा जागीं पहारा करणाऱ्यास लाठी चालविण्यापेक्षां निराळी विद्या लागते. तिला सायबर सुरक्षा म्हणतात. ही विद्या येणारीं माणसें घडतात कशीं, एवढाच येथें विचार करावयाचा आहे.

हा एक धंदा नव्हे, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. अमेरिकेच्या मानकसंस्थेनें २०१७ सालीं या क्षेत्रांतील कामांची यादी केली, तींत बावन्न निरनिराळीं कामें निघालीं. कोणी नोंदी वाचतो, कोणी आपल्याच भिंतीला भोकें कोठें आहेत तें शोधतो, कोणी गुन्ह्यानंतर पुरावा जमवितो, तर कोणी नियम लिहितो. शीघ्रकोपी पण कल्पक मुलगा एका कामास योग्य ठरेल, शांत व टांपटिपीची मुलगी दुसऱ्यास.

या विद्येचा एक जुना दाखला विस्तारानें पाहण्यासारखा आहे. क्लिफर्ड स्टॉल हा अमेरिकन गृहस्थ मूळचा खगोलशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत तो दुर्बिणीच्या रचनेचें काम करी. त्या कामाचा पैसा संपला, तेव्हां १९८६ सालीं त्याला तेथील संगणक विभागांत धाडण्यांत आलें. संगणक किती वेळ वापरला तें मोजून ज्याच्या त्याच्या नांवें आकार मांडण्याची तेथें पद्धत होती. हिशेबांत पंचाहत्तर सेंटांची तफावत निघाली, आणि नवशिक्याचें काम म्हणून तिचा उलगडा स्टॉलकडे आला. दुसऱ्या एखाद्यानें तेवढी चिल्लर पदरची घालून वही मिटली असती. स्टॉलनें ती मिटली नाहीं. कोणीं तरी नऊ सेकंद दाम न देतां संगणक वापरला आहे आणि तो कोणी परका आहे, असें त्यास आढळून आलें. मग बाहेरून येणाऱ्या सुमारें पन्नास तारांवर त्यानें जागोजागहून उसनीं आणलेलीं छापयंत्रें व संगणक जोडले आणि सुटीच्या दिवसांत तो त्यांच्या शेजारींच निजला.

परक्यास हांकलून दार लावून घेणें सोपें होतें. परंतु स्टॉल दार उघडें ठेवून पाळतीवर बसला आणि दिसेल तें वहींत टिपीत गेला. तो परका या प्रयोगशाळेंतून पुढें लष्करी संगणकांत शिरत होता. त्याचा माग लागण्यास वेळ मिळावा म्हणून स्टॉलनें लष्करी गुपितांचें एक खोटें दप्तरच रचून ठेविलें. परका तें वाचीत गुंतला, आणि माग पश्चिम जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं जाऊन पोंचला. मार्कुस हेस हा तरुण तेथून रशियाच्या हेरखात्यास माल विकीत होता. पुढें १९९० सालीं तो व त्याचे सोबती दोषी ठरले.

या खटाटोपांत स्टॉलच्या पाठीशीं एक वृद्ध पदार्थविज्ञानवेत्ता होता. लुई अल्वारेझ हें त्याचें नांव. नोबेल पारितोषिक त्यास १९६८ मध्येंच मिळालें होतें. संगणकांची कुलपें हा कांहीं अल्वारेझचा विषय नव्हता. पोलिसाच्या मागें धांवण्यापेक्षां शास्त्रज्ञासारखा शोध घे, मोजमाप कर, अशा अर्थाचा उपदेश त्यानें केला. स्टॉलला संगणकाचें तंत्र पुष्कळ ठिकाणीं मिळालें असतें, पण हा धीर दुसरीकडे मिळाला नसता. शिकणाऱ्यास पाठीराखा लागतो तो याचसाठीं.

पुढें २ नोव्हेंबर १९८८ रोजीं कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला एक कार्यक्रम आपोआप संगणकामागून संगणकांत पसरला आणि हजारों यंत्रें अडकून पडलीं. त्याच महिन्यांत पिट्सबर्ग येथें अशा संकटांस तोंड देणारी पहिली तुकडी उभी राहिली. आपल्या देशांत तसें केंद्र २००४ सालीं निघालें. जातां जातां सांगावयाचें तें हें कीं, तोच मॉरिस शिक्षा होऊन गेल्यावर पुढें नामांकित विद्यापीठांत प्राध्यापक झाला. वांड पोराची हुशारी कोणत्या वाटेस लागते, हें पुष्कळदां त्याला भेटणाऱ्या माणसांवर अवलंबून असतें. शाळेंत ज्यांचीं वर्षें गेलीं त्यांना हें सांगावयास नको.

तुकडी एका ठरावानें उभी राहते. तींत भरावयाचीं माणसें ठरावानें निघत नाहींत. अमेरिकेनें २००१ पासून एक योजना चालविली: विद्यार्थ्याचें शुल्क व निर्वाहवेतन सरकारनें द्यावें, आणि जितका काळ तें घेतलें तितका काळ त्यानें सरकारी खात्यांत या कामाची चाकरी करावी. यांत शिक्षण आणि पहिली नोकरी एकाच दोऱ्यांत ओंवलेलीं आहेत, हें महत्त्वाचें. आपल्या सरकारनें २०१३ च्या राष्ट्रीय धोरणांत पांच वर्षांत पांच लाख कुशल माणसें तयार करण्याचें योजिलें होतें. ती मुदत २०१८ सालीं भरली. पुण्याच्या बँकेंतील लूटही त्याच सालची.

दोरा तुटतो कोठें? जिल्ह्याच्या गांवचा पदवीधर कर्ज काढून शहरांत येतो, शिकवणीवर्गाचे पैसे भरतो, आणि हातांत प्रमाणपत्र घेऊन जाहिराती वाचूं लागतो. नवख्यासाठीं म्हणून दिलेल्या जागेसही तीन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. कांहीं जाहिरातींत सीआयएसएसपी हें प्रमाणपत्र हवें असतें, जें मिळविण्यास मुळांत पांच वर्षांचें काम दाखवावें लागतें. पदवी असल्यास फार तर एका वर्षाची सूट. पोहतां येईल तेव्हां पाण्यांत उतर, असें सांगण्यासारखेंच हें झालें. मुलगा घरीं परततो किंवा मिळेल त्या दुसऱ्या कामास लागतो, बापाच्या डोक्यावर हप्ते राहतात, आणि इकडे कंपन्या माणसें मिळत नाहींत म्हणून ओरडतात.

यावर आपल्याकडे जुना शब्द आहे, उमेदवारी. सुताराच्या कारखान्यांत काय किंवा वकिलाच्या कचेरींत काय, नवखा माणूस जाणत्याच्या हाताखालीं बसून शिके. रात्रंदिवस चालणाऱ्या सुरक्षाकेंद्रांत आजही तीच चाल आहे. पहिल्या पायरीवरच्या मुलानें यंत्रानें दिलेल्या इशाऱ्यांचें पाखडण करावयाचें. त्यांतले बहुतेक फोल निघतात. समजा, रात्रीं दोन वाजतां एका कर्मचाऱ्याच्या नांवानें परदेशांतून प्रवेश झाला. नवखा नियम पाहून ताबडतोब वाट बंद करतो. शेजारचा वस्ताद विचारतो: हा मनुष्य रजेवर आहे काय? याच तासांत त्या नांवानें आणखी काय काय उघडलें गेलें? त्यास दूरध्वनि करून पाहिला काय? हें विचारणें पुस्तकांतून येत नाहीं, चार रात्री बरोबर जागल्यावर येतें. अलीकडे पाखडण्याचें काम यंत्रबुद्धीकडे सोंपविण्याचा कल वाढला आहे. त्यांत पैसा वांचेल. पण पहिली पायरीच काढून घेतली तर दुसरीवर चढणारा येणार कोठून, याचा हिशेब संचालकांनीं आजच मांडावा हें बरें.

नोकरीपूर्वीं हात बसण्यास आखाडाही हवा. परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत शिरणें आपल्या २००० च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. तेव्हां सराव करावयाचा तो मुद्दाम मांडलेल्या ठिकाणींच. लास व्हेगास येथें १९९६ पासून ध्वज जिंकण्याची एक स्पर्धा चालते. तींत आपला संगणक राखून प्रतिपक्षाचा भेदावयाचा असतो. अमृता विद्यापीठानें २०१० पासून भारतीय विद्यार्थ्यांसाठीं तसाच खेळ मांडला.

शाळकरी मुलांसाठीं पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठानें २०१३ पासून पिकोसीटीएफ नांवाचा कोड्यांचा खेळ चालविला आहे. त्यास शुल्क नाहीं, आणि तालुक्याच्या शाळेंतील साध्या संगणकावरही तो खेळतां येतो. अडचण एवढीच कीं कोडीं इंग्रजींत असतात आणि पहिल्या दोन-चारांत मुलें अडतात. अशा वेळीं शेजारीं कोणी तरी बसणारें हवें. त्या शिक्षकास उत्तर ठाऊक असण्याची गरज नाहीं. मुलानें काय करून पाहिलें व काय घडलें, तें त्याच्याकडून वहींत लिहवून घेतलें म्हणजे पुरे.