कूस कोणी बदलायची?

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर आम्ही डॉक्टर लिहितो, ‘दर दोन तासांनी कूस बदलावी.’ शय्याव्रण टाळण्यासाठी ते आवश्यकच असते. पण ‘कोणी?’ हे त्या चिठ्ठीवर नसते. मी स्वतःला स्त्रीवादी मानते, म्हणून हा प्रश्न मोठ्याने विचारते. आणि बहुतेक घरांत सर्वांच्या नजरा सुनेकडे वळतात, किंवा सत्तरी ओलांडलेल्या पत्नीकडे.

ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ सालची. इतक्या वर्षांनी, २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत काय आढळले? घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनपगारी कामाला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७. रुग्णसेवेचे जागरण या उतरंडीवरच येऊन बसते.

त्याची किंमत शरीर मोजते. सासूबाईंची फाईल घेऊन आलेली सून दारापाशी थबकते आणि म्हणते, “जाता जाता माझेही बीपी बघता का?” ते वाढलेलेच असते. गोळ्या चुकलेल्या असतात, झोप तुकड्यातुकड्यांची, कंबर धरलेली. काळजी घेणारी व्यक्ती आडवी झाली, तर त्या घरात रुग्ण दोन होतात.

वाचक आजी-आजोबा, येथे तुमच्या शब्दाला वजन आहे. “त्याला कशाला उठवता, सकाळी कामावर जायचे आहे,” असे लेकाविषयी आपण सहज म्हणता. सुनेलाही सकाळ असतेच ना? ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली झालेल्या कायद्यातही जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर टाकली आहे; ‘अपत्य’ या व्याख्येत सुनेचा उल्लेख नाही.

लेकाकडून स्नान करून घेताना आईला संकोच वाटतो, हे मला मान्य आहे. तो संकोच जपावा. परंतु औषधांचा डबा भरणे, भरवणे, इन्सुलिन टोचणे, रात्री दोन वाजता उठणे, यांत संकोचाचा संबंध कुठे येतो? पैसे देऊन बाई ठेवली म्हणजे प्रश्न मिटला, असेही समजू नये. तीही कोणाच्या तरी घरची सूनच असते; तिला आठवड्याची सुट्टी आणि पुरेशी झोप हवी.

आता कृतीविषयी. रुग्णाला काखेत हात घालून ओढू नये. त्याने त्याचा खांदा आणि ओढणाऱ्याची कंबर दोन्ही दुखावतात, शिवाय त्वचा घासली जाते. पाठीपासून मांड्यांपर्यंत येईल अशी दुमडलेली चादर आडवी अंथरावी, दोन्ही कडा दोघांनी घट्ट धराव्यात आणि एकाच वेळी उचलून सरकवावे. गादी चांगली असेल, तर रात्रीचे अंतर थोडे वाढवता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पुढच्या वेळी मी घरी तपासायला येईन, तेव्हा बाहेर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या चिरंजीवांनाही आत बोलवा. चादरीची दुसरी कड धरायला कोणीतरी लागतेच.