आधी २०१ मीटर, मग ४०२

लोणावळ्याहून भुशी धरणाकडे जाणारा रस्ता पुढे आयएनएस शिवाजी ओलांडून टायगर पॉइंटवरून अँबी व्हॅलीला जातो. पावसाळ्यात हा रस्ता भुशीच्या पायऱ्यांवर भिजायला निघालेल्या गर्दीचा असतो. मोटारी आणि मोटारसायकलींची हौस असलेल्यांना मात्र तो आणखी एका कारणासाठी माहीत आहे. त्याच्या टोकाला असलेल्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकात ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग रेस भरू लागली आणि पुण्या-मुंबईच्या हौशी चालकांना घाटरस्ता सोडून वेग आजमावण्याची रीतसर जागा मिळाली. ड्रॅग रेस म्हणजे जागच्या जागी उभ्या असलेल्या दोन गाड्यांनी दिवा हिरवा होताच सरळ रेषेत सुटायचं आणि ठरलेलं अंतर कमीत कमी वेळात कापायचं. वळण नाही, फेऱ्या नाहीत. हे अंतर बहुतेक वेळा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर असतं. जगात अनेक ठिकाणी त्याच्या निम्म्या, २०१ मीटरच्या शर्यतीही होतात. आपल्याकडे ही निम्मी शर्यत नवशिक्यांचा खेळ समजून बाजूला टाकली जाते, आणि ते चुकीचं आहे. स्वतःची रोजची गाडी घेऊन येणाऱ्या हौशी माणसासाठी २०१ मीटर हीच मुख्य शर्यत असायला हवी. ४०२ मीटर त्याने नंतर कमवावेत.

पाव मैलाला जे वजन आलं आहे ते इतिहासामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी जुन्या गाड्यांत मोठी इंजिनं बसवून रस्त्यांवर शर्यती लावायला सुरुवात केली. त्यांना रस्त्यावरून हटवण्यासाठी विमानतळांच्या धावपट्ट्या उघडल्या गेल्या. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळावर अशा शर्यती नियमित होऊ लागल्या, १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंड गावी भरली, तीही धावपट्टीवरच. तेव्हाच्या गाड्यांचा वेग पाहता पाव मैल पळून उरलेल्या पट्टीवर थांबणं जमत होतं. पुढे गाड्या बदलल्या, अंतर मात्र तेच राहिलं. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउन इथे स्कॉट कॅलिटा या अनुभवी चालकाच्या गाडीच्या इंजिनाचा स्फोट झाला. पॅराशूटचा उपयोग झाला नाही, गाडी पट्टी संपवून पुढे गेली आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दिवसांतच त्या संघटनेने सर्वांत वेगवान दोन वर्गांचं अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर, म्हणजे सुमारे ३०५ मीटरवर आणलं. पाव मैल ज्यांनी जगाला दिला त्यांनीच गरज पडताच तो तोडला. आणि अमेरिकेतच २०१ मीटरच्या ट्रॅकवर पूर्ण व्यावसायिक मालिका चालतात.

आता हिशेब पाहू. इंजिन जवळपास पूर्ण ताकदीने ओढत असेल तर अंतर दुप्पट केल्यावर वेळ दुप्पट होत नाही, ती साधारण दीडपटीच्या थोडी वर जाते, आणि शेवटचा वेग सुमारे सव्वापट होतो. म्हणजे जी मोटार ४०२ मीटरला ताशी २०० किलोमीटरवर पोचते, ती २०१ मीटरला १६० च्या आसपास असते. फरक चाळीसचाच दिसतो, पण थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ब्रेक दाबल्यावर दर सेकंदाला ताशी एकवीस-बावीस किलोमीटरने वेग उतरतो असं धरलं, तर २०० वरून थांबायला सुमारे २५७ मीटर लागतात आणि १६० वरून १६५ च्या आत भागतं. शेवटची रेषा ओलांडल्याचं ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर एकीकडे ५६ मीटर आणि दुसरीकडे ४४ मीटर आणखी. बेरीज केली की एक गाडी सुरुवातीपासून सातशे मीटरच्या पुढे जाऊन थांबते आणि दुसरी चारशे मीटरच्या थोडं पुढे. थोडक्यात, २०१ मीटरची शर्यत थांबण्यासकट जिथे संपते, जवळपास तिथेच ४०२ मीटरवाल्याला ब्रेककडे पाय न्यायचा असतो. एकाच धावपट्टीवर हा फरक तीनशे मीटरचा आहे. टायर फुटला, ब्रेक तापून निकामी झाले किंवा माणूस गांगरला, तर हेच तीनशे मीटर कामी येतात. आपल्याकडे या शर्यती खास बांधलेल्या ट्रॅकवर क्वचितच होतात. त्या उसन्या धावपट्टीवर होतात, आणि तिच्या शेवटी वाळूचा थर आणि जाळी असेलच असं नाही.

पण केवळ सुरक्षिततेसाठी ही शर्यत निवडावी असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. ड्रॅग रेसिंगमध्ये शिकण्यासारखं जे आहे त्यातलं बहुतेक पहिल्या काही मीटरांत घडतं. गाडी रेषेकडे हळूहळू सरकते, पुढचं चाक प्रकाशकिरण अडवतं आणि प्री-स्टेजचा दिवा लागतो. आणखी काही इंच पुढे गेलं की स्टेजचा. मग पिवळे दिवे, मग हिरवा. इथे नवख्याला गोंधळात टाकणारी एक गोष्ट आहे. धावण्याच्या वेळेचं घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही, चाक किरणातून सुटल्यावर सुरू होतं. हिरवा लागल्यापासून चाक हलेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात. म्हणून चांगली वेळ काढूनही शर्यत हरता येते. क्लच किती सोडायचा, इंजिनाचे फेरे कुठे धरायचे, चाक जागेवर फिरू लागलं तर पाय किती उचलायचा, बाइक असेल तर पुढचं चाक वर येऊ न देता वजन कुठे ठेवायचं, हे सगळं पहिल्या ६० फुटांत, म्हणजे अठरा मीटरांत ठरतं. शर्यतीनंतर हातात येणारी चिठ्ठी पाहिली की ते कळतं. समजा, घरगुती वापराच्या एका ताकदवान मोटारीची नोंद अशी आहे: ६० फुटांना २.२ सेकंद, ६६० फुटांना ९.२, १३२० फुटांना १४.३. ६६० फुटांच्या, म्हणजे २०१ मीटरच्या वेळेतला जवळपास चौथा हिस्सा पहिल्या अठरा मीटरांत गेला. ६६० फुटांनंतर उरलेल्या ५.१ सेकंदांत चालक बहुतेक वेळ ॲक्सिलरेटर दाबून सरळ बसलेला असतो. तो भाग रोमांचक आहे, हे खरं. पण तिथे चालकापेक्षा इंजिनाची परीक्षा जास्त होते.

खर्चाचं गणितही याच बाजूला झुकतं, पूर्णपणे मात्र नाही. क्लच जळतो, ॲक्सल तुटतो तो सुटताना, आणि सुटणं दोन्हीकडे सारखंच. तिथे बचत नाही. बचत आहे ती पूर्ण जोराने इंजिन ओढण्याच्या वेळेत, वरच्या गिअरमध्ये साचणाऱ्या उष्णतेत आणि ब्रेकच्या झिजेत. ज्या गाडीने सोमवारी सकाळी ऑफिस गाठायचं आहे तिच्यासाठी ही बचत लहान नाही. शिवाय पट्टी एकच असते. गाड्या पुढे जाऊन थांबतात, वळतात, परत येतात, मग पुढची जोडी सुटते. अंतर कमी केलं की दिवसभरात प्रत्येकाच्या वाट्याला जास्त धावा येतात, आणि हौशी माणूस पैसे मोजतो ते धावांसाठीच.

याविरुद्ध पहिला आक्षेप असतो तो तुलनेचा. साऱ्या जगाची वेळ पाव मैलावर सांगितली जाते, मग माझ्या २०१ मीटरच्या आकड्याला कोण विचारणार? पण ४०२ च्या आकड्यांची तुलनाही वाटते तितकी सरळ नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. इथली हवा समुद्रकाठापेक्षा साधारण सहा टक्के विरळ. टर्बो नसलेलं इंजिन त्याच प्रमाणात ताकद गमावतं आणि १३ सेकंदांत धावणारी मोटार पाव सेकंद मागे पडते. मोटारसायकलींच्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा झालेल्या चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरची वेळ आणि सह्याद्रीच्या माथ्यावरची वेळ शेजारी ठेवायची तर दुरुस्ती करावीच लागते. २०१ ची वेळ साधारण १.५५ ने गुणली की पाव मैलाचा अंदाज मिळतो. ही दुरुस्ती त्याहून अवघड नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अंतर तोकडं केलं की सुटण्यालाच सगळं महत्त्व येतं, आणि मग चारही चाकांना ताकद देणारी, संगणकाच्या मदतीने सुटणारी महागडी गाडी जिंकते. मागून वेग धरणाऱ्याला जागाच उरत नाही. हे खरं आहे. त्यावरचा उपाय मात्र अंतर वाढवण्यात नाही, तो शर्यत लावण्याच्या पद्धतीत आहे. मावळच्या माणसाला तो समजावून सांगायला नको. इथल्या बैलगाडा शर्यतीत घाटातून एका वेळी एकच गाडा सुटतो आणि निकाल सेकंदांवर लागतो, शेजारी कोण पळतं आहे यावर नाही. ड्रॅग रेसिंगमध्ये याच्या एक पाऊल पुढे जाता येतं. प्रत्येकाने आपली अपेक्षित वेळ आधी जाहीर करायची, दोघांच्या वेळांत जितका फरक तितका आधी संथ गाडीला हिरवा दिवा द्यायचा आणि जाहीर वेळेपेक्षा जलद धावणाऱ्याला बाद करायचं. मग जुनी मारुतीसुद्धा नव्या जर्मन गाडीला हरवू शकते, कारण परीक्षा असते ती सातत्याची. अमेरिकेतल्या हौशी ड्रॅग रेसिंगचा मोठा भाग याच पद्धतीवर उभा आहे.

तिसरा आक्षेप असा की कमी अंतर म्हणजे सुरक्षित शर्यत हा भ्रम आहे. अमेरिकेत खास बांधलेल्या गाड्या २०१ मीटरमध्येच ताशी ३२० किलोमीटर ओलांडतात, हे याला पुरेसं प्रमाण आहे. सुटताना बाइक उलटण्याचा धोकाही अंतराने कमी होत नाही. म्हणून नुसतं अंतर घटवून आयोजकाची जबाबदारी संपत नाही. हेल्मेट, पूर्ण अंगाचा पोशाख, गाडीची तपासणी, रेषेपाशी उभी रुग्णवाहिका, प्रेक्षकांसाठी पट्टीपासून दूर कठडा हे सगळं २०१ मीटरलाही तितकंच हवं. माझं म्हणणं एवढंच की बाकी सगळं सारखं असताना, तीच गाडी आणि तोच नवखा चालक कमी अंतरावर चुकीतून सावरण्याची जास्त शक्यता असते.

एक युक्तिवाद मात्र मला मान्य नाही. पोरांना थरार दिला नाही तर ती रस्त्यावर जातील, म्हणून पाव मैलच द्या, असं सांगितलं जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीविना रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, पुन्हा सापडल्यास वर्षापर्यंत कैद. तरीही मुलं रस्त्यावर जातात, कारण रस्ता जवळ असतो आणि फुकट असतो. त्यांना परत आणायचं तर धावपट्टीवरची शर्यत स्वस्त आणि वारंवार व्हायला हवी, आणि ते लहान अंतरावर जास्त साधतं. वर्षातून एकदा भरणारी भव्य पाव मैलाची शर्यत पाहायला गर्दी होते, पण त्या गर्दीतल्या बहुतेकांच्या वाट्याला एकही धाव येत नाही.

एका वर्गाला मात्र मी २०१ मीटरमध्ये अडकवणार नाही, तो म्हणजे १५० सीसीच्या आसपासच्या बाइक. त्या ४०२ मीटरलाही ताशी ११० च्या आगेमागेच असतात, आणि निम्म्या अंतरात त्यांचे वरचे गिअर वापरलेच जात नाहीत. त्यांना पाव मैल खुशाल द्यावा. म्हणून रेषा इंजिनाच्या आकारावर किंवा गाडीच्या किमतीवर न ठरवता शेवटच्या वेगावर ठरवावी. एकाच पट्टीवर २०१ आणि ४०२ या दोन्ही ठिकाणी किरण बसवता येतात. पहिल्या दिवशी सगळ्यांनी २०१ ला पाय उचलायचा. चिठ्ठीवरच्या वेगावरून ४०२ ला गाडी कितीवर जाईल ते काढायचं, आणि त्या वेगाला थांबायला लागणाऱ्या अंतराच्या दुप्पट पट्टी पुढे मोकळी असेल तरच तिला दुसऱ्या दिवशी पुढच्या रेषेपर्यंत सोडायचं.