गांडूळ जिवंत आहे, पण माती स्वच्छ आहे का?



अकोल्याच्या जुन्या शहराला लागून मोर्णा नदी वाहते. शहराचे सांडपाणी नाल्यांवाटे तिच्यात येते. सांडपाणी दिले की पालक, सांबार जोमाने वाढतो, कारण त्यात नत्र असते. पण त्याच पाण्यात बॅटरीचे, मुलाम्याचे, रंगाचे पाणी मिसळले, तर शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे हे जड धातूही वावरात येतात. नत्र पीक घेते. धातू मात्र बहुतांशी मातीतच साचत राहतात.

यावर पुष्कळजण विचारतात, “साहेब, माह्या वावरात गांडुळं भरपूर हायेत, मंग माती खराब कशी?” प्रश्न रास्त आहे. उत्तर गांडुळाच्या पोटातच आहे.

गांडूळ माती खाते. त्याच्या आतड्याभोवती पिवळसर तपकिरी पेशींचा थर असतो. मातीतून आलेले धातू ते या थरात बांधून ठेवते, म्हणून बराच धातू अंगात असूनही जगते. त्याला खाणाऱ्या कोंबड्या-पाखरांच्या पोटात मात्र तो धातू जातो.

प्रयोगशाळेत कसे ओळखतात?

गांडुळे धुऊन दोन दिवस ओल्या कागदावर ठेवतात, म्हणजे पोटातली माती निघून जाते. मग शरीराचे अगदी पातळ काप करून त्यांना रंग देतात. डायथायझोन या रसायनाने जस्त लाल दिसते. दुसऱ्या रीतीत आधी सल्फाइडची व मग चांदीच्या क्षाराची प्रक्रिया करतात. जिथे धातू, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली काळे कण दिसतात. जस्त-तांबे निरोगी गांडुळातही थोडे असतेच, म्हणून स्वच्छ वावरातले गांडूळ शेजारी ठेवून तुलना करावी लागते.

रंगाने धातू कुठे साचला ते कळते, नेमका किती ते कळत नाही. त्यासाठी मातीचे रासायनिक पृथक्करणच हवे.

आपण काय करावे?

१. सांडपाण्यावरील वावरात दहा ठिकाणची अर्धा फूट खोलीपर्यंतची माती लाकडी किंवा प्लास्टिकच्या साधनाने काढून एकत्र करावी.

२. २०१५ पासूनच्या मृद आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत शिसे व कॅडमियम नाहीत. त्यांची तपासणी वेगळी सांगून मागावी. कुठे होईल, याची चौकशी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात करावी.

३. अहवाल येईपर्यंत तिथे पालेभाजी घेऊ नये, कारण पाल्यात कॅडमियम लवकर चढते. झेंडू, शेवंती किंवा कपाशी घ्यावी.

४. भाजी स्वच्छ पाण्याने धुवावी. पानावरची धूळ व शिसे निघते, पानाच्या आतले कॅडमियम निघत नाही.

५. शेणखत भरपूर द्यावे. शहरी कचऱ्याचे खत तपासल्याशिवाय टाकू नये.

आपली काळी माती धातू घट्ट धरते, हे खरे. पण एकदा साचलेला धातू लवकर जात नाही. घरची पोरंबाळंही हीच भाजी खातात, हे ध्यानात ठेवून आधी माती तपासा.