गुलामाने वसवलेले, बाबासाहेबांनी शिकवलेले शहर

मराठवाड्याच्या या शहराची नावे वेळोवेळी बदलली. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावावरून भांडणे पुष्कळ झाली. पण हे शहर वसवले कोणी, हे आपल्या घरातल्या किती मुलांना ठाऊक आहे? कुठल्या बादशहाने नव्हे, तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या मलिक अंबर या हबशाने! बाजारात विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० साली त्याने खडकीला राजधानी उभारली. त्याने बांधलेल्या भडकल दरवाजाजवळ आज बाबासाहेबांचा पुतळा आहे. आम्हाला ही शेजारसोबत फार मोलाची वाटते.

उत्तरेला डोंगर, शहरातून वाहणारी खाम नदी आणि पाऊस बेताचाच. म्हणून अंबरने डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नहरींतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. ना मोट, ना पंप. आता गोदावरीचे पाणी जायकवाडीहून पंपाने वर चढवावे लागते, तरी कामगार वस्त्यांतल्या आयाबहिणींनी आठवडा-आठवडा नळाची वाट पाहिली आहे.

अंबरच्याही हजार वर्षे आधी याच डोंगरात आपल्या भिक्खूंची लेणी होती. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून, हात जोडून बसलेले स्त्री-पुरुष उपासक कोरले आहेत. राजे नव्हेत, देव नव्हेत; उपासक! लेणी पाहायला येणारे बहुतेक पर्यटक बिबी का मकबरा पाहून परततात, ते इथवर येतच नाहीत.

बाबासाहेबांनी मात्र ही भूमी ओळखली. १९५० साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय इथे काढले. पुढे त्याला नाव दिले मिलिंद, परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू! निजामी राजवटीत शाळेचे तोंड न पाहिलेल्या खेड्यांतून आपली पोरे इथे आली, वसतिगृहात राहिली, शिकली.

१९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, आणि खेडोपाडी आपल्या वस्त्या पेटल्या. माणसे मारली गेली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला.

त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारी अभिवादनाला गेलात, तर मुलांना घेऊन मागच्या डोंगरावरही जा. चढण आहे, उन्हे चढायच्या आत निघा, आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा.