पिजदुऱ्याची तांबडी माती काय सांगते?

वरोरा म्हटले की आनंदवन, हे समीकरण महाराष्ट्रात पक्के आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या याच तालुक्यातली पिजदुरा आणि डोंगरगाव ही दोन गावे मात्र वेगळ्याच कारणाने जगभरच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहेत. इथल्या तांबड्या मातीतून डायनासोरची हाडे निघतात.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात पिजदुऱ्यातून हाडे गोळा केली. भूवैज्ञानिक साहित्यात ‘पिसदुरा’ म्हणून नोंदलेल्या या ठिकाणच्या हाडांवरून रिचर्ड लिडेकर यांनी 1879 मध्ये ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’ हे नाव दिले. पण हाडांइतकाच बोलका आहे तो त्यांना कवटाळून बसलेला गाळ.

हा गाळ ‘लमेटा’ शैलसमूहातला. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून हे नाव पडले. वय साधारण 6 कोटी 60 लाख ते 7 कोटी वर्षे. तो समुद्रात साचला की जमिनीवर, यावर अभ्यासकांत बरीच वर्षे वाद होता. पिजदुऱ्याच्या परिसरातला पुरावा जमिनीच्या बाजूने पडतो. मातीचा तांबडा रंग म्हणजे गाळातल्या लोहाला हवा मिळाली, त्याला गंज चढला. सतत पाण्याखाली राहिलेला चिखल सहसा असा लाल होत नाही. याच मातीतले चुन्याचे गोटे त्याहून पक्की साक्ष देतात. विदर्भातल्या काळ्या शेतजमिनीतही असे कंकर सापडतात. जमिनीतल्या ओलाव्याची वाफ होते आणि विरघळलेला चुना मागे साचतो. त्यासाठी पाऊस बेताचा आणि कोरडा ऋतू लांब लागतो. म्हणजे पुराचे पाणी पसरायचे, ओसरायचे आणि मग मैदान महिनोन्महिने तापत राहायचे.

थोड्याच अंतरावरच्या डोंगरगावात चित्र पालटते. तिथल्या काही थरांत पानासारख्या पातळ पापुद्र्यांची माती आहे आणि तीत माशांचे अवशेष आहेत. असे पापुद्रे शांत पाण्यातच टिकतात. प्रवाह असता तर ते विस्कटले असते, तळाशी किडे-शंखांची वर्दळ असती तर ढवळले गेले असते. तिथे तळे होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी नांद-डोंगरगाव खोऱ्याचा अभ्यास करून नदी, पूरमैदान, दलदल आणि तळी असा हा जुना भूप्रदेश उभा केला.

डोंगरगावलाच एका अवाढव्य शाकाहारी डायनासोरची बरीच हाडे एकत्र सापडली. मढे वाहून फार लांब गेले नव्हते, याचीच ती खूण. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी 1997 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे 2003 मध्ये त्याला ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले, तेही त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून.

पिजदुऱ्याची खरी श्रीमंती मात्र दगड झालेल्या शेणात आहे. मुठीएवढे, तपकिरी, मध्येच आवळल्यासारखे दिसणारे हे विष्ठाश्म म्हणजे डायनासोरच्या जेवणाची नोंदवहीच. त्यांचे तुकडे आम्लात टाकले की वनस्पतींच्या पेशींमध्ये साचलेले सिलिकाचे सूक्ष्म कण, म्हणजे फायटोलिथ, उरतात. लखनौच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना त्यांत गवताचे कण मिळाले. 2005 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ही बातमी आली तेव्हा खळबळ उडाली, कारण गवत डायनासोरच्या नंतरचे असाच समज रूढ होता. 2011 मध्ये याच विष्ठाश्मांत धानाच्या कुळातल्या गवतांचाही माग लागला. जेवणात गवत थोडेच होते. ताडवर्गीय, सूचिपर्णी आणि इतर झाडांचे अवशेषही त्यात आहेत. या विष्ठाश्मांत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यासारख्या कवचाच्या सूक्ष्मजीवांचे अवशेषही मिळाले आहेत. चारा आणि पाणी, दोन्ही आसपासच होते.

या गाळावर पुढे लाव्हा पसरला. तो एकदम आला नाही. नागपूरच्या टाकळी भागात लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाचा पट्टा आहे आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आहेत. एक लाव्हा थंडावल्यावर आणि दुसरा येण्याआधी तिथे पुन्हा तळी भरली होती.