नुसत्या गुणांनी गडी कळत नाही

अकोले तालुक्यातले राजूर पेढ्यांसाठी जितके प्रसिद्ध, तितकेच डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी. तिथला पारखी शेतकरी बैलाच्या शिंगांवरचे गोंडे पाहून भुलत नाही. तो वाकून खूर पाहतो, कातडीवरून हात फिरवतो. काळा, टणक खूर आणि पाणी निथळून जाईल अशी तेलकट कातडी असेल, तरच हा बैल सह्याद्रीच्या पावसात, भातखाचराच्या चिखलात टिकणार, हे तो जाणतो.

गंमत अशी की, हीच चोखंदळ नजर कबड्डीच्या मैदानावर आली की आपण घरी ठेवून येतो! तिथे एकच प्रश्न : ‘गुण किती घेतले?’ दहावाला संघात, चारवाला एसटीने परत आपल्या पाड्यावर. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तेव्हा डोंगरातल्या पोराच्या दृष्टीने निवड म्हणजे नुसती हौस नव्हे. तो घरच्या चुलीचा प्रश्न आहे. म्हणून चढाई करणाऱ्याची पारख नीट व्हायला हवी.

एक साधा हिशेब मांडू. समजा, एका गड्याने पंचवीस चढायांत दहा गुण आणले, पण सहा वेळा त्याची पकड झाली. दुसऱ्याने बारा चढायांत चारच गुण आणले, पण तो एकदाही सापडला नाही. पकडीचा गुण प्रतिपक्षाला जातो. दहातून सहा वजा जाता उरले चार! म्हणजे दोघांची निव्वळ कमाई सारखीच. शिवाय पहिला गडी सहा वेळा बाहेर बसला, आणि सोबत्यांनी गुण मिळवून त्याला उठवीपर्यंत संघ एका माणसाने दुबळा राहिला.

याचा अर्थ मोकळ्या हाताने परतणारा तेवढा शहाणा, असा मात्र नव्हे. आजच्या व्यावसायिक स्पर्धांच्या नियमांप्रमाणे सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. नाही तर चढाई करणारा बाद. तीस सेकंदांत जीव मुठीत धरून खेळायची ही चढाई. पहिल्या दोन चढाया आरामात फिरून आलेला गडी तिसरीच्या वेळी सोबत्याकडे बोट दाखवतो की स्वतः पुढे होतो, हे परीक्षकाने टिपून ठेवावे.

गुण कोणत्या वेळी मिळाला, हेही महत्त्वाचे. समोर सहा किंवा अधिक रक्षक असताना बोनस रेषेचा गुण खुला असतो. पण तेवढीच गर्दी अंगावर येण्याचा धोकाही असतो. उलट समोर तिघेच किंवा त्याहून कमी उरले, तर मैदान मोकळे वाटते खरे. पण तिथे पकड झाली तर प्रतिपक्षाला एक जादा गुण मिळतो. तेव्हा मोहात न पडणे हेही कसबच.

आणि जे कागदावर उमटतच नाही, त्याचे काय? इंग्लंडच्या उत्तर भागात १८९५ साली उदयाला आलेला रग्बी लीग नावाचा खेळ आहे. तेरा-तेरा जणांचा. त्यातले आघाडीचे दांडगे गडी चेंडू छातीशी धरून सरळ समोरच्या फळीवर धडकतात. दोन-तीन जणांना अंगावर घेतात, चार पावले जमीन जिंकतात आणि झटकन उठून चेंडू मागे सारतात. तोवर समोरची फळी विस्कटलेली असते आणि कडेचा चपळ गडी धावत जाऊन गुण घेतो. टाळ्या त्याला, वाट करून देणारा मात्र धुळीतच! जाणकार प्रशिक्षक या आघाडीवाल्याने किती जमीन कमावली आणि किती माणसे गुंतवली, तेही मोजतात. कबड्डीतही डाव्या कोपऱ्याला हुलकावण्या देऊन दमवणारा गडी पुढच्या सोबत्याची वाट मोकळी करतोच की!

पराक्रमाचे मोल कमी नाही. प्रदीप नरवालने २०१७ साली प्रो कबड्डीत एकाच चढाईत सहा जण टिपून, लोणाचे दोन धरून, आठ गुण मिळवले. असा खेळ पाहून कोणीही उभा राहील. पण याच स्पर्धेच्या दहाव्या हंगामातली गोष्ट पाहा. चढाईचे सर्वाधिक, २७६ गुण अशू मलिकचे होते. सर्वांत मोलाचा खेळाडू मात्र ठरला आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. चढाईही करणारा, पकडही करणारा आणि संघ सांभाळणारा. त्याच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या संघाने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाचा २८–२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले.

तेव्हा निवड करणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती : गुणांच्या रकान्याशेजारी आणखी चार रकाने आखा. चढाया किती, पकडी किती वेळा झाल्या, तिसरी चढाई कोणी घेतली, आणि बचावात हात कोणी दिला. एक जुनी वही आणि पेन्सिल पुरते. एखाद्या पोराची परतीची एसटी त्यामुळे चुकली, तर त्याच्या घरचे तुम्हांला दुवाच देतील.