फुलेवाडा आणि त्यात राहणारा कंत्राटदार

तरुणांना घेऊन पुण्यातील फुलेवाड्यात गेले की एक प्रश्न मी हमखास विचारते : जोतीराव फुले पोटासाठी काय करत होते? शाळा, सत्यशोधक समाज, 'गुलामगिरी' अशी उत्तरे येतात. व्यवसाय फार थोड्यांना सांगता येतो.

आधी एक गोंधळ दूर करू. 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू झाली ती भिडेवाड्यात. गंज पेठेतील फुलेवाडा हे जोतीराव आणि सावित्रीबाईंचे राहते घर. या घरात राहणारा माणूस बांधकामाचा कंत्राटदार होता. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी'शी त्यांचे नाव जोडलेले आहे. खडकवासला धरण, येरवड्याचा पूल आणि कात्रजचा बोगदा या कामांशी त्यांचा संबंध असल्याचे चरित्रकार सांगतात.

ही माहिती महत्त्वाची का? कारण चळवळ चालवायला पैसा लागतो. जोतीराव कोणाचे नोकर नव्हते. समाजाने वाळीत टाकले तरी त्यांची चूल विझली नाही, म्हणून त्यांना खरे बोलता आले. शिवाय कामाच्या जागी मजुरांची आणि शेतकऱ्यांची लूट त्यांना जवळून दिसली. 1873 च्या 'गुलामगिरी'त महसूल व न्यायखात्याबरोबर इंजिनीयर खात्यातील भट कामगारांवरही टीका आहे. 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते लष्कर आणि पोलिसांच्या रिकाम्या वेळात तलाव, बंधारे बांधून घ्या, पाणी जमिनीत मुरू द्या, असे सुचवतात. बांधकामाची जाण असलेल्या माणसाचे हे बोल आहेत.

वाड्याच्या आवारातील हौद याच दृष्टीने पाहावा. 1868 मध्ये जोतीरावांनी तो अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा, म्हणजे 59 वर्षांनंतरचा. महाडला सार्वजनिक पाण्यावरचा हक्क मागितला गेला. इथे घरमालकाने स्वतःच्या दारातले पाणी मोकळे केले. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत फुल्यांना गुरू का मानले, हे या हौदापाशी उभे राहिल्यावर नीट समजते.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले. आपल्याला घराच्या आवारात पुरावे, ही त्यांची इच्छा होती. नगरपालिकेने परवानगी नाकारली. याच नगरपालिकेचे ते काही वर्षे सभासद होते. अखेर दहन झाले, आणि त्यांच्या अस्थी वाड्याच्या आवारात आणून ठेवल्या गेल्या.

आज आपली मुले शिकून नोकरीच्या शोधात असतात. त्यात गैर काही नाही. पण व्यवसाय म्हणजे आपले काम नव्हे, ही समजूत मात्र सोडायला हवी. पुढच्या वेळी वाड्यात गेलात तर पुतळ्याला हार घालून लगेच परतू नका. कमावलेल्या पैशाचे आणि घरातल्या पाण्याचे या माणसाने काय केले, ते मुलांना सांगा.